३२ पेशंट, २ सिस्टर

रात्रपाळी

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. लांब होईल, सांभाळून घ्या.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स आहे. माहेर कळवण तालुक्यात, आता नाशिकला पंचवटीत राहते. इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात नऊ वर्षं काढली. नाव विचारू नका, माझ्या मैत्रिणी अजून तिथे ड्युटी करतात.

मी लागले तेव्हा हॉस्पिटल चार डॉक्टरांचं होतं, साठ बेडचं. मोठे सर सकाळी राउंडला आले की आधी नर्सिंग स्टेशनवर यायचे, रात्र कशी गेली ते विचारायचे. पगार तेव्हाही कमी होता, डबल ड्युटी तेव्हाही पडायची, त्यामुळे जुन्या दिवसांचं कौतुक करायला मी आलेले नाही. पण २१ एप्रिल २०२१ चा दिवस विसरत नाही. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून त्या एका दिवशी २२ पेशंट गेले, आणि त्या संध्याकाळी आमचे सर स्वतः खाली मॅनिफोल्ड रूममध्ये, म्हणजे ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या खोलीत, खुर्ची टाकून बसले. दर तासाला प्रेशर लिहीत होते, पहाटेपर्यंत. मालक कोण हे आम्हाला ठाऊक होतं आणि रात्री दोनला त्याला फोन लावता येत होता.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने हॉस्पिटल घेतलं. लॉबी नवी झाली, बेड ११० झाले. आमच्याकडून नव्या अपॉइंटमेंट लेटरवर सह्या घेतल्या, त्यात रुजू तारीख नवीन टाकली. तीन वर्षांचा बाँड घेतला, मध्येच सोडलं तर ६०,००० रुपये. ओरिजिनल सर्टिफिकेटं 'व्हेरिफिकेशनसाठी' म्हणून जमा करून घेतली, ती अजून एचआरच्या कपाटात आहेत. सकाळच्या मीटिंगमध्ये आता पहिला प्रश्न असतो, डिस्चार्ज किती आणि अकराच्या आत बेड रिकामे होणार का.

माझं खरं दुखणं रात्रीचं आहे. जनरल वॉर्डला ३२ बेड. पूर्वी रात्री तीन सिस्टर असायच्या, कधी चार. आता दोन. एक मी, दुसरी बहुतेक वेळा फ्रेशर, जिचं काउन्सिलचं रजिस्ट्रेशनही (नर्स म्हणून नोंदणी) अजून हातात नसतं. इंडियन नर्सिंग काउन्सिल जनरल हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक नर्स सांगतं. पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

सकाळच्या सहाच्या औषधांचा हिशोब सांगते. ३२ पैकी वीस जणांना तरी आयव्ही अँटिबायोटिक असतं. हात धुवायचे, नाव आणि फाईल ताडून बघायची, औषध डायल्यूट करायचं, आयव्हीची जागा सुजली आहे का पाहायचं, हळूहळू द्यायचं, वेळ टाकून सही करायची. नीट केलं तर एका पेशंटला सहा मिनिटं. वीस जणांना दोन तास, म्हणजे दोघींना मिळून एक तास. तेही मध्ये कुणी हाक मारली नाही तर. त्याच तासात शुगर तपासायच्या, बीपी-टेम्परेचर घ्यायचं, युरोबॅग (लघवीच्या पिशव्या) मोजून रिकाम्या करायच्या, सकाळी ओटीला (ऑपरेशन थिएटरला) जाणाऱ्यांची तयारी करायची आणि आठला ओव्हर द्यायचा, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट समजावून द्यायचे. एखादा पेशंट बिघडला की एक जण तिथेच अडकते. उरलेल्या ३१ जणांना एक मुलगी.

दीड महिन्यापूर्वी तेच झालं. रात्री दोनच्या सुमाराला सात नंबरच्या बाईला फिट आली, मी आणि आरएमओ सर (रात्रीचे ड्युटी डॉक्टर) तिथे होतो. १९ नंबरला दिंडोरीकडचे एक आजोबा, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. त्यांना धाप लागली. मुलगा दोनदा स्टेशनवर येऊन गेला, स्टेशनवर कुणी नव्हतं. फ्रेशर टोकाच्या खोलीत सलाईन बदलत होती. मी पोचले तेव्हा ऑक्सिजन सॅच्युरेशन ८१. आयसीयूत हलवलं, वाचले, नऊ दिवसांनी घरी गेले. हे लिहितानाही माझे हात गार पडतात.

सकाळी इन्चार्ज म्हणाल्या, दोनचा आणि चारचा टीपीआर चार्ट (ताप-नाडी-श्वास-बीपीच्या नोंदी) कोरा आहे, भरून टाक. मी म्हटलं, मी बीपी घेतलंच नाही तर लिहू काय? त्या वाईट नाहीत, वीस वर्षं काढलीत त्यांनी. त्या म्हणाल्या, "फाईल पूर्ण लागते गं, माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे." मी भरला नाही. तिसऱ्या दिवशी मला मेमो आला, निष्काळजीपणाचा. मी लेखी उत्तर दिलं: त्या रात्री ३२ पेशंट होते आणि आम्ही दोघी होतो. त्यानंतर मला रोज वेगळ्या वॉर्डला टाकायला लागले आणि इन्क्रिमेंट थांबलं. शेवटी राजीनामा दिला. आता एचआर म्हणतं, बाँडचे दोन महिने बाकी आहेत, ६०,००० भरा आणि सर्टिफिकेटं घेऊन जा. माझा पगार सगळा धरून २६,०००. त्यात बेसिक १२,०००.

सर्टिफिकेटं कशी सोडवू? आणि ज्या अजून तिथे रात्री उभ्या आहेत, त्यांनी काय करावं?


बागलाणकर

ताई, चार्ट भरला नाहीत ते लाख मोलाचं केलंत.

मागच्या वर्षी माझी आई नाशिकला एका हॉस्पिटलात अकरा दिवस होती. (तुमचं असेल-नसेल, माहीत नाही.) एका रात्री तिला उलट्या होत होत्या आणि सिस्टर यायला वीस मिनिटं लागली. मी तिच्या अंगावर ओरडलो. "झोपा काढता का, पैसे मोजतो आम्ही" असं बोललो. ती काही बोलली नाही, आईचं तोंड पुसलं, चादर बदलली. ती मुलगी माझ्या बहिणीच्या वयाची होती. तुमचं वाचेपर्यंत तिच्याकडे किती पेशंट असतील हा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. कुठे असेल ती माहीत नाही, पण माफी मागायची आहे.

आता बिल काढून बघितलं. 'नर्सिंग चार्जेस' दिवसाला ६०० रुपये, बेडचे वेगळे, डॉक्टर व्हिजिटचे वेगळे. तुमच्या वॉर्डला हाच दर धरला तर ३२ बेडचे दिवसाला १९,२०० होतात. तीन पाळ्यांत मिळून किती सिस्टर असतात?


रात्रपाळी

सकाळी तीन, दुपारी तीन, रात्री दोन. आठ ड्युट्या. २६,००० ला २६ दिवस धरले तर माझी एक ड्युटी १,००० ची. फ्रेशरची त्याच्या निम्मीही नाही. सगळ्या माझ्याइतक्या पगाराच्या धरल्या तरी ८,०००.

आणि दादा, त्या सिस्टरला आठवतही नसेल. आम्हाला दर रात्री कुणीतरी बोलतं. चादर बदलली ते मात्र तिने मनापासून केलं असणार.


डॉ_छोटा_दवाखाना

मी नाशिकरोडला २२ बेडचं हॉस्पिटल चालवतो. माझी बाजूही मांडतो, राग मानू नका.

नर्सिंग चार्जेसच्या १९,२०० मधून फक्त नर्सचा पगार जातो असं धरणं बरोबर नाही. त्यातच सुट्ट्यांच्या बदली नर्स, रात्रीची मावशी (आया), लिनन, वीज, बायोमेडिकल कचऱ्याचे पैसे हे सगळं ओढूनताणून बसवावं लागतं. टीपीए (विमा कंपनीचे मध्यस्थ) कॅशलेसच्या बिलातून वाटेल ते कापतात. शासकीय योजनेचे पैसे महिनोन् महिने अडकतात. आणि मुली टिकत नाहीत. मी सहा महिने शिकवायचं, हात बसला की ती सरकारी भरतीला किंवा आखातात जाते. मोठ्या हॉस्पिटलने दोन हजार जास्त दिले तरी जाते. बाँड आणि सर्टिफिकेटं ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली. खरं सांगतो, माझ्याकडेही दोन मुलींची सर्टिफिकेटं आहेत.

पण चार्ट भरायला लावणं मी कधी केलेलं नाही. कमी स्टाफवर बेड भरत राहणंही नाही. नर्स कमी असली की मी अ‍ॅडमिशन थांबवतो. पोटात गोळा येतो, पण थांबवतो.


रात्रपाळी

सर, राग नाही. तुम्ही अ‍ॅडमिशन थांबवता, तिथेच सगळा फरक आहे. आमच्याकडे ते ठरवणारा माणूस वॉर्डात येतच नाही. तो मुंबईत बसून ऑक्युपन्सी, म्हणजे किती टक्के बेड भरलेत ते, बघतो. ८७ टक्के दिसली की मेल येतो, चांगलं काम. ८७ टक्क्यांना रात्री किती जणी होत्या हे त्याच्या स्क्रीनवर नसतं.

ती दोन सर्टिफिकेटं मात्र देऊन टाका, सर. मुलींना दुसरीकडे इंटरव्ह्यूला जाता येत नाही म्हणून त्या थांबतात. तुमच्याकडे राहायचं म्हणून थांबत नाहीत.


बिलिंगवाला

स्क्रीनवर काय असतं ते सांगतो, कारण तो रिपोर्ट सात वर्षं मीच बनवत होतो (वेगळं हॉस्पिटल, वेगळं शहर, आता सोडलं).

हॉस्पिटल क्षेत्र परकीय गुंतवणुकीला २००० सालापासून १०० टक्के खुलं आहे, सरकारची आधी परवानगी लागत नाही. देशातले-बाहेरचे फंड पैसे घालतात आणि काही वर्षांनी जास्त किमतीला विकून बाहेर पडतात. विकताना किंमत ठरते ती मुख्यतः दोन-तीन आकड्यांवर. एक ऑक्युपन्सी. दुसरा एआरपीओबी, म्हणजे भरलेल्या एका बेडमागे दिवसाला सरासरी किती उत्पन्न झालं. शेअर बाजारात असलेल्या हॉस्पिटल कंपन्या दर तिमाहीला हा आकडा जाहीर करतात. तो वाढवायचा तर पेशंट कमी दिवस ठेवायचा, कारण ऑपरेशनच्या पहिल्या दोन दिवसांत बिल मोठं होतं, पुढचे दिवस नुसते बेडचे. अकराच्या आत डिस्चार्ज हवा असतो तो यासाठी. आता नर्सच्या बाजूने बघा. बरा होत आलेला, स्वतः उठून बाथरूमला जाणारा पेशंट लवकर घरी जातो आणि त्याच्या जागी ओटीतून नुकता आलेला येतो. म्हणजे बेड ३२ च राहिले तरी काम वाढतं. सिस्टरची संख्या मात्र बेड मोजून ठरते, आणि तीही खर्चाच्या रकान्यात असते.

त्या रिपोर्टात पडलेले पेशंट, चुकलेले डोस, बेडसोअर यांचेही रकाने असतात. ते शून्य ठेवायची जबाबदारी इन्चार्जवर. ते शून्य कसं राहतं ते ताईंनी सांगितलंच आहे.


आरएमओ_नाईट

मी बीएएमएस, रात्री आरएमओ. नाशिकमधल्या खासगी हॉस्पिटलांच्या रात्री मोठ्या प्रमाणात आमच्यासारख्यांवरच चालतात. ११० बेडला रात्री आयसीयू सोडून मी एकटा. कॅज्युअल्टीत आलेल्यांपैकी किती अ‍ॅडमिट झाले याची टक्केवारी महिन्याच्या शेवटी नावासकट ग्रुपवर पडते. ज्याला घरी पाठवायला हवं त्याला घरी पाठवलं तर माझं नाव खाली जातं.

ताई, मी तुमच्याइतका ठाम राहिलो नाही. न केलेल्या राउंडच्या नोट्स मी लिहिल्या आहेत. एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेचं) इन्स्पेक्शन असलं की दुसऱ्या शाखेतून स्टाफ येतो, रोस्टर नव्याने छापलं जातं, सगळीकडे नर्स दिसतात. तीन दिवस वॉर्ड खरंच कसा चालायला हवा तसा चालतो. पेशंटही म्हणतात, आज किती छान बघताय. चौथ्या दिवशी परत तेच.


नवीन_सिस्टर

मी सुरगाण्याची. एएनएम (नर्सिंगचा छोटा कोर्स) झाले, आता आठ महिने झाले नोकरीला. पगार हातात अकरा हजार. खोलीत आम्ही चौघी राहतो. दुपारची ड्युटी रात्री नऊला सुटते पण ओव्हर होऊन निघेपर्यंत दहा, मग बस नसते, रिक्षाला १२० जातात. मीपण बाँडवर सही केलीय, इंग्रजीत होता, वाचून दाखवला नाही. माझी पण सर्टिफिकेटं आत आहेत. वाचून भीती वाटली आणि बरं पण वाटलं.


नाव_सांगा_ना

हॉस्पिटलचं नाव टाका इथे. लोकांना कळू दे. नुसतं गोलगोल लिहून काय होणार?


रात्रपाळी

नाव टाकलं तर उद्या सकाळी नर्सिंग ऑफिसमध्ये आठ-दहा जणींना एकेक करून बोलावतील. दोघींची मुलं लहान आहेत. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. मी सुटले म्हणून त्यांच्या नावावर बोलणार नाही.


कोर्टाच्या_पायरीवर

वकील आहे, कामगारांच्या केसेस करतो. मुद्द्याला येतो.

सर्टिफिकेट ही तुमची मालमत्ता आहे. नोकरी देणाऱ्याला ती अडकवून ठेवायचा हक्क नाही, बाँड असो वा नसो. आजच एक साधा अर्ज लिहा: अमुक तारखेला अमुक कागद जमा केले, सात दिवसांत परत द्या. हाताने देऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. एक प्रत कामगार उपायुक्त कार्यालयाला. नाही दिली तर पोलिसात तक्रार. बहुतेक ठिकाणी तिथपर्यंत जावं लागत नाही.

बाँडबद्दल 'सगळे बाँड बेकायदा' असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध धरली. पण ती सरकारी बँक होती आणि नवी भरती करायची तर तिला जाहिरात-परीक्षेचा सगळा खर्चिक घाट पुन्हा घालावा लागतो, हे कोर्टाने विचारात घेतलं. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम आपोआप मिळत नाही, वाजवी भरपाईच मिळते. नऊ वर्षं काम केलेल्या नर्सवर त्यांनी नक्की कोणत्या ट्रेनिंगचा खर्च केला ते त्यांना दाखवावं लागेल. ३६ पैकी ३४ महिने तुम्ही पूर्ण केलेत हेही लक्षात घ्या.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. तुमची ग्रॅच्युइटी, म्हणजे सलग नोकरीबद्दल सोडताना मिळणारी रक्कम. हॉस्पिटल विकलं गेलं आणि नवं लेटर दिलं म्हणून जुनी सहा वर्षं पुसली जात नाहीत. तोच वॉर्ड, तेच काम, सेवेत खंड नाही. तुमची जुनी पगारपत्रकं, पीएफचं पासबुक, जुनं आयकार्ड शोधा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत आणि त्यांत 'वेतन' एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा कमी दाखवता येत नाही. म्हणजे १२,००० नाही, १३,००० धरायचे. त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा: वर्षाला ७,५००. नऊ वर्षांचे ६७,५००. ते तुमच्याकडे ६०,००० मागतात आणि त्याहून जास्त तुम्हाला देणं लागतात. राजीनामा दिला तरी पाच वर्षांवर सेवा असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. बाँडच्या नावाखाली ती अडवता येत नाही. राहिलेला पगार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, तेही अर्जात लिहा.

'माझी कोणतीही मागणी बाकी नाही' अशा कागदावर सही मागतील. करू नका.

चार्टबद्दल. १९९५ पासून खासगी डॉक्टर-हॉस्पिटलांची सेवा ग्राहक कायद्यात येते. केस झाली की पहिल्यांदा फाईलच मागवली जाते. कोरा रकाना समजावून सांगता येतो. न घेतलेलं बीपी लिहिलेलं निघालं तर सही ज्या सिस्टरची, ती एकटी अडकते. मॅनेजर म्हणतो, मी कुठे सांगितलं? आणि तुमच्या मैत्रिणींसाठी: ओव्हरच्या रजिस्टरमध्ये रोज पहिल्या ओळीत पेशंट किती आणि सिस्टर किती ते लिहा, दोघींच्या सह्या करा. ते खरं आहे, ड्युटीचा भाग आहे, त्यासाठी कुणी मेमो देऊ शकत नाही. पेशंटच्या कागदांचे फोटो मोबाईलवर घेऊ नका, त्यात तुम्हीच फसाल.


मावशीचा_मुलगा

सगळे सिस्टर आणि डॉक्टरांबद्दल बोलतायत. माझी आई हॉस्पिटलात मावशी आहे, अकरा वर्षं. पण हॉस्पिटलची नाही, एजन्सीची. एजन्सी चौथ्यांदा बदलली, आई तीच. पीएफ कापतात, पासबुकात दोन वर्षांचे आठ महिने आलेच नाहीत. मी मोबाईलवर उमंग अ‍ॅपवर बघितलं तेव्हा कळलं, तिला एसएमएस वाचता येत नाही. पेशंट उचलून उचलून कंबर गेली. ईएसआय (कामगार विम्याचं) कार्ड आहे, सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला जायचं तर सुट्टी मिळत नाही. म्हणजे हॉस्पिटलात काम करणाऱ्या बाईला स्वतःच्या दवाखान्यासाठी रजा नाही.

वकील साहेब, एजन्सीने पैसे भरले नाहीत तर कुणाला धरायचं?


कोर्टाच्या_पायरीवर

हॉस्पिटलला. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा, असं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. पीएफची जबाबदारीही मूळ मालकावर येते. पासबुकाची प्रिंट काढा, पगारातून कापल्याची स्लिप जोडा आणि पीएफ ऑफिसला तक्रार द्या. ऑनलाईनही होते. आईच्या सहीने द्या. चारही एजन्सींची आयकार्डं असतील तर फेकू नका.


ब्रदर_रमला

मेल नर्स आहे. बरोबर केरळची मुलं-मुली होती, त्यांच्याकडून ऐकत आलो. तिथे २०११ मध्ये खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सनी संघटना उभी केली, त्याच बाँडच्या आणि सर्टिफिकेटांच्या जाचातून. नंतर मोठे संप झाले आणि २०१८ ला सरकारने किमान २०,००० बेसिकची अधिसूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला लावली होती, त्या समितीनेही सांगितलं होतं: ५० बेडखालच्या हॉस्पिटलात २०,००० च्या खाली पगार नको, १०० ते २०० बेड असतील तर सरकारी नर्सपेक्षा फार तर १० टक्के कमी. आपल्याकडे सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. त्याचे १० टक्के कमी म्हणजे ३१,८६०, वर भत्ते वेगळे. ताई, तुमचं हॉस्पिटल ११० बेडचं आणि तुमचा सगळा मिळून पगार २६,०००. फक्त ती शिफारस आहे, महाराष्ट्राने तिचा कायदा केलेला नाही, म्हणून ती दाखवून पैसे मागता येत नाहीत.

आम्ही इथे एकदा ग्रुप केला होता, चाळीस जण. आठवड्यात स्क्रीनशॉट एचआरकडे पोचले. दोघांची बदली दुसऱ्या शहरात. ग्रुप बंद पडला. मोबाईलवर करू नका, समोरासमोर बोला.


डॉ_छोटा_दवाखाना

दोन्ही मुलींची सर्टिफिकेटं आज परत केली. एक म्हणाली, "सर, मला काढून टाकताय का?" तिच्या डोक्यात पहिला विचार हा आला, ते मला लागलं.

शिफारशीच्या पगाराबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. २२ बेडला २०,००० प्रत्येकीला दिले तर मी दोन वर्षांत बंद करेन. पण रोज आकडा लिहायचं रजिस्टर मीही सुरू करतोय.


बागलाणकर

१९ नंबरच्या आजोबांच्या मुलाला हे माहीत आहे का? त्याने तर सिस्टरनाच दोष दिला असेल.


रात्रपाळी

दिला होता. आयसीयूच्या बाहेर माझ्याकडे बघतही नव्हता. डिस्चार्जच्या दिवशी मी आजोबांना भेटायला गेले तेव्हा त्याने विचारलं, त्या रात्री तुम्ही कुठे होता? मी खरं सांगितलं, दुसऱ्या पेशंटजवळ होते, आम्ही दोघीच होतो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मग तिसरी का नव्हती? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मी द्यायचं उत्तर नाहीच.


कोर्टाच्या_पायरीवर

त्याने हवं तर फाईलची प्रत मागावी. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत द्यायची असते.


रात्रपाळी

अठरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांनी विचारलं म्हणून.

अर्ज घेऊन गेले. एकटी गेले नाही, आधी सोडून गेलेल्या दोन सिस्टरना बरोबर घेतलं, त्यांचीही सर्टिफिकेटं आतच होती. एचआरने पोच द्यायला नकार दिला, म्हणून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून स्पीड पोस्ट केली. नवव्या दिवशी फोन आला, येऊन घेऊन जा. गेलो तर टेबलावर सर्टिफिकेटं आणि शेजारी 'कोणतीही मागणी नाही'चा कागद. मी म्हटलं यावर सही करणार नाही. तासभर बसवून ठेवलं. मग आतून कुणाचा तरी फोन आला आणि दिली. तिघींचीही. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटला पंच करून भोक पाडलंय फाईलसाठी, तेवढं वाईट वाटलं. ६०,००० चा विषय कुणी काढला नाही. ग्रॅच्युइटीचा अर्ज दिलाय, त्याची पोच मिळाली. पैसे अजून नाहीत.

सोमवारपासून एका डायलिसिस सेंटरला रुजू होतेय. तिथे चार मशीनमागे एक सिस्टर आहे, मी जाऊन मोजून आले.

आमच्या वॉर्डात मुलींनी ओव्हरच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात इन्चार्जनी विचारलं, हे कुणी सांगितलं? कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात इन्चार्जनी स्वतः त्याखाली सही केली. त्यानंतर चार रात्री तिसरी सिस्टर आली. मग आयसीयूत कमी पडल्या म्हणून ती परत गेली.

ती माझ्या वेळची फ्रेशर, तिचं रजिस्ट्रेशन आलं परवा. आता ती मला रोज रात्री साडेआठला फक्त आकडा पाठवते. काल २९ ला ३ होत्या. आज ३२ ला २.


नवीन_सिस्टर

ताई, आमच्याकडे ४१ ला २. आजपासून आम्हीपण लिहितोय.